लिंक देणार नाही म्हणजे नाही

"सरळ माझ्याकडे बघा. कपाळाकडे नाही, डोळ्यांकडे."

"बघतोय की."

"हलू नका."

"तुम्ही हसायच्या थांबा, मी हलायचा थांबतो."

अस्सा आगाऊ! मी मोजपट्टी त्याच्या नाकावर जरा दाबूनच धरली. चष्म्याच्या दुकानात नोकरी करायची म्हणजे दिवसभर परक्या माणसांच्या डोळ्यांत बघायचं. दोन बुबुळांमधलं अंतर नीट मोजल्याशिवाय काचा बरोबर बसत नाहीत. इतकी वर्षं इतके डोळे बघून झाले, मला कधी काही झालं नाही. त्या दिवशी मात्र मी तेच अंतर दोनदा मोजलं आणि दोन्ही वेळा वेगळं आलं.

खरं तर तो मोडलेली काडी जोडून घ्यायला आला होता. बाहेर पावसाची सर आली म्हणून टेकला, आणि तेवढ्यात मी नवा चष्मा त्याच्या गळ्यात मारला. बिल करायला कॉम्प्युटरकडे वळले तर स्क्रीनवर माझं पान उघडंच राहिलेलं. तो काउंटरवरून वाकला आणि त्याचं हसू कुठल्या कुठे पळालं.

"ही वेबसाइट... तुम्ही चालवता?"

"हो. का?"

"मी रोज बघतो ही."

माझी वेबसाइट हरवलेल्या माणसांची आहे. लोक आपल्या माणसाचा फोटो पाठवतात, मी तो टाकते, खाली घरचा फोन नंबर देते. ती रोज बघणारा माणूस सुखात नसतो.

"तुमचं कोण हरवलंय?" मी विचारलं.

"माझं कोणी नाही. मी मोठ्या हॉस्पिटलात कारकून आहे." तो जरा अडखळला. "म्हणजे... शवागारात."

पट्टी अजून माझ्या हातातच होती. मी ती उगाच पुसत बसले.

त्याचीही एक वेबसाइट होती म्हणे. ज्यांची ओळख पटली नाही, अशांची. साहेबांच्या परवानगीनं चालवत होता. चेहरे टाकत नसे. अंगावरचे कपडे, हातातलं घड्याळ, जुन्या जखमेची खूण, शर्टाला नसलेलं बटण, असलं सगळं तो लिहायचा. बेवारस हा शब्द त्याच्या पानावर कुठेच नव्हता. "वारस असतो हो," तो म्हणाला, "त्याला फक्त पत्ता लागलेला नसतो." मग चष्म्याची पावती खिशात घालता घालता हळूच म्हणाला, "माझ्या पानावर तुमची लिंक आहे. तुमच्या पानावर माझी द्याल?"

"नाही," मी म्हटलं.

"एवढ्या लगेच?"

"विचार करून सांगायला हवंय का? बरं. विचार केला. नाही."

आमचे मालक आतून ऐकत होते. गिऱ्हाईक गेल्यावर बाहेर आले आणि मला शाबासकी देऊन टाकली. "बरोबर केलंस. आपल्या दुकानात उभं राहून समोरच्या दुकानाचा पत्ता सांगतं का कोणी? वेबसाइटचंही तसंच. एकदा बाहेर धाडलेला माणूस कशाला मागे येतोय?" मी मान डोलावली. माझं कारण मात्र निराळंच होतं.

माझं कारण माझा दादा. नोकरी गेल्यापासून तो घुम्यासारखा बसून असायचा. एका सकाळी निळा शर्ट चढवला, चपला घातल्या, "आलोच" म्हणाला आणि जिना उतरला तो उतरलाच. पोलीस झाले, नातेवाईक झाले, ओळखीचे डॉक्टर झाले. शेवटी मी ती वेबसाइट काढली. वर पहिला फोटो त्याचाच. आईला फोनवर ती उघडायला मीच शिकवलं. ती दिवसातून कितीदा तरी तिथे जायची आणि दिसेल त्यावर बोट ठेवायची. आता तुम्हीच सांगा, तिच्या बोटाखाली मी शवागाराची लिंक ठेवू? ती उद्या त्या पानावर जाऊन पोचली तर तिला सावरायचं कोणी?

तो मात्र येतच राहिला. कधी स्क्रू ढिला, कधी नाकाजवळची गादी सैल, कधी काचेवर डाग.

"स्क्रू तुम्ही स्वतःच ढिला करून आणता ना?"

"पुरावा आहे?"

"तुमच्या नखाखाली आहे पुरावा. दाखवा बोट."

त्यानं बोट पुढे केलं... आणि मी ते धरलं. सोडायचं विसरले. मालक आतून खोकले तेव्हा सोडलं.

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कळलंच नाही. दुकान बंद झालं की आम्ही बस थांब्यापर्यंत चालत जायचो. दोन बस सोडून द्यायचो, कधी तीन. आमच्या गप्पा तशा विचित्रच. तो सांगायचा, आज एकाच्या मोज्याला घरच्या शिवणीचं ठिगळ होतं, कोणीतरी किती बारीक टाके घातले होते गं... मी सांगायची, आज कुठल्याशा गावातल्या मुलीनं आजोबांचा फोटो पाठवला. इतर जोडपी सिनेमाचं बोलत असतील. आमचं हे असं.

"लिंक दे ना गं," तो मधेच म्हणायचा.

"देणार नाही म्हणजे नाही."

"अगं, माझ्याकडे एका मावशीचा फोन येतो. दर सोमवारी. नाव सांगत नाही, कोणाला शोधतेय तेही नाही. नुसतं विचारते, 'साहेब, कोणी नवीन?' मी म्हणतो, 'नाही.' मग म्हणते, 'बरं. जेवून घ्या हं वेळेवर.' आणि ठेवून देते." तो रस्त्याकडे बघत होता. "ती माझ्यापर्यंत कशी पोचली असेल, देव जाणे. आपण दोघं एवढे जवळ, आणि मधे रस्ता नाही."

"माझ्याकडून तुझ्याकडे येणं म्हणजे आशा सोडणं, कळतंय तुला?"

"नाही कळत. आशा सोडून माझ्याकडे कोणी येत नाही. थकून येतात."

मी चिडले. दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बस थांब्यावर तो आधीच येऊन उभा होता, छत्री एकच आणि ती माझ्या बाजूला कललेली. त्याचा अर्धा खांदा ओलाचिंब.

"एक ठरवूया," तो म्हणाला. "तुझा दादा... समजा कधी माझ्याकडे आलाच, तर मी फोन करणार नाही. स्वतः येईन. एरवी कधीही यायचं झालं तर आधी फोन करेन. म्हणजे तुला कळेल, नुसता मी येतोय."

"नुसता तू म्हणजे काय कमी डोकेदुखी आहे?" मी म्हटलं. मी छत्री त्याच्या बाजूला ढकलली.

आणि मग या शहाण्यानं काय करावं? भर दुपारी, कामाच्या वेळेला, फोनबिन काही न करता दुकानाच्या दारात येऊन उभा! चेहरा पांढराफटक, ओठ कोरडे. माझ्या हातातली काच खाली पडली. गिऱ्हाईक काहीतरी बोलत होतं, ते ऐकूच येईना. मी काउंटरला धरून धरून त्याच्यापर्यंत गेले.

"कुठे... कुठे सापडला?"

"कोण?"

"कोण काय विचारतोस!"

त्याच्या डोक्यात आत्ता प्रकाश पडला. "अरे देवा. नाही, नाही गं! दादा नाही. फोन बंद पडलाय माझा, आणि मी... मला वेगळंच विचारायचं होतं."

मी त्याला मारलं. खरंच मारलं, दोन्ही मुठींनी, छातीवर, सगळ्यांच्या देखत. रडत होते आणि मारत होते. "मूर्खा! गाढवा! जीव गेला माझा!" तो मुकाट्यानं मार खात उभा राहिला. नवा चष्मा वाकडा झाला, तरी हात वर केला नाही.

मालकांनी गिऱ्हाइकाला आत नेलं आणि पडदा ओढून घेतला. कधी नव्हे ते शहाण्यासारखं वागले.

"ऐक," तो म्हणाला. "रोज सकाळी कामावर गेलो की मी आधी तुझा दादा आलेला नाही ना, ते बघतो. कपाळावरची खूण, डाव्या हाताचं वाकडं बोट, सगळं पाठ झालंय मला. तो नसला की माझा दिवस चांगला जातो. पण संध्याकाळी तू विचारतेस, आज एवढा खुशीत का, तेव्हा काय सांगू? आज सांगायचं ठरवलं. मला तू हवीस. तुझा दादा सापडेपर्यंत, आणि सापडल्यानंतरही."

"यासाठी चेहरा एवढा पांढरा करून यायचं?"

"भीती वाटत होती. तू सरळ 'नाही' म्हणतेस. विचार न करता."

"विचार केला," मी नाक पुसत म्हटलं. "हो."

आईला भेटायला तो त्याच रविवारी आला. फोन करून. तीन मजले चढून दारात उभा राहिला, तेव्हा घामानं निथळत होता. तो कुठे काम करतो ते मी आईला सांगितलं नव्हतं. हॉस्पिटलात आहे, एवढंच. आज नको, हळूहळू सांगू, असं आमचं ठरलं होतं.

आई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. त्याच्याकडे बघितलं, खुर्ची पुढे केली आणि म्हणाली, "बसा. जेवण होतं ना तुमचं वेळेवर?"

तो बसता बसता तसाच अर्धा उभा राहिला.

"मावशी," तो म्हणाला, "तुम्ही... सोमवारी फोन करता?"

आईनं तांब्या खाली ठेवला. तिनं त्याचा आवाज ओळखला. मी खुळ्यासारखी एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिले.

"आई? तुला ते पान कोणी दाखवलं?"

"कोण दाखवणार? तू तर काही बोलत नव्हतीस." ती खाली बसली. "फोनला विचारलं. निळा शर्ट घातलेला मुलगा म्हटलं, तर शर्टांची दुकानं आली. सेलमधले शर्ट आले. काय काय बघत बसले मी, काही विचारू नकोस. भलत्या भलत्या ठिकाणी गेले. वाईट फोटो बघितले गं, बघू नयेत असे. मग एकदा यांचं पान मिळालं. तिथं नीट लिहिलेलं असतं. माणसासारखं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू घाबरली असतीस."

तिच्यासाठी म्हणून मी एक दार बंद ठेवलं होतं. ती केव्हाच बाहेर पडली होती, एकटी, चाचपडत, आणि मी घरात बसून तिला सांभाळत असल्याच्या गमजा करत होते. मला माझी इतकी लाज वाटली की मी तिच्या मांडीत डोकं घातलं आणि लहानपणी रडायचे तशी रडले. तिनं केसांतून हात फिरवला.

"टाक ती लिंक," ती म्हणाली. "बाकीच्यांच्या आयांना शर्टांच्या दुकानांतून जायला लागू नये."

त्याच संध्याकाळी टाकली. अगदी दादाच्या फोटोखाली. तो शेजारी बसून मजकूर सांगत होता आणि मी त्यात चुका काढत होते. आई मागे उभी राहून आमचं भांडण ऐकत होती. पुढच्याच आठवड्यात एक म्हातारे गृहस्थ त्या लिंकवरून त्याच्याकडे पोचले आणि आपल्या मुलीला घेऊन गेले. नंतर त्यांनी मला फोन केला. रडले, बराच वेळ. मग म्हणाले, काल खूप दिवसांनी झोप लागली, पोरी. मालकांनाही मी हे सांगितलं. संध्याकाळी ते म्हणाले, काचेवर ओरखडे आले की समोरच्याकडे पाठवत जा, त्याचं पॉलिशचं मशीन आपल्यापेक्षा बरं आहे.

आम्ही लग्न केलं. साधंच, सही करून. तो आमच्याकडेच राहायला आला, कारण आईला एकटं ठेवायचं नव्हतं आणि ती घर सोडायला तयार नव्हती. दादा आला तर कुठे जाईल, म्हणायची.

पण एक घोळ झाला. आता तो रोजच घरी येणार, मग फोनचा करार कसा चालायचा? त्यावरही त्यानंच तोड काढली. रोज संध्याकाळी खालच्या पायरीवरूनच हाक मारायची — "आलो गं!" मग आम्ही समजायचं, नुसता तो आलाय.

काय ती हाक! सगळी बिल्डिंग दणाणायची. खालच्या मजल्यावरच्या काकू तक्रार करायच्या, शेजारचं पोर नक्कल करायचं. मी दारात जाऊन ओरडायची, "कळलं! बहिरी नाहीये मी!" आणि आई चहा टाकायची. ती हाक आली की मगच टाकायची, आधी कधी नाही. त्या तेवढ्या वेळात आमच्या घरात खूप हसणं व्हायचं. तो चष्मा काढून माझ्या ओढणीला पुसायचा. मी म्हणायची, दुकानात ये, फुकट पुसून देते. आई म्हणायची, पुरे आता, चहा निवतोय.

परवा संध्याकाळी पाऊस रेंगाळला होता. मी खिडकीतले कपडे काढत होते. आईनं चहाचं आधण ठेवलं नव्हतं, पण भांडं हातात होतं.

जिन्यात पावलं वाजली. त्याचीच. मी कुठेही ओळखेन.

पहिला मजला झाला. दुसरा झाला.

आईनं भांडं खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि माझा हात धरला. तिचा हात मुळीच कापत नव्हता. पावलं आमच्या दाराशी येऊन थांबली. त्यानं बेल वाजवली नाही, हाकही मारली नाही, तो नुसता उभा राहिला... आणि आई म्हणाली, "उघड, बाळा. तो दादाला घेऊन आलाय."