मोहळकड्यावरचा दोर

अप्पांनी सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता आणि घेणारही नव्हते, म्हणून मी मोहळकड्यावर गेले. एवढंच कारण. लोक पुढे सांगत राहिले की पोरगी वाट चुकली, पोरीला भूल पडली. भूलबिल काही पडली नव्हती. मी पूर्ण शुद्धीत होते आणि भयंकर रागात होते.

अप्पा म्हणजे माझे आजोबा, वालूरचे धोंडप्पा. निजामाचं राज्य होतं, रझाकारांचं नावही अजून कुणी ऐकलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. जिंतूरचं लग्न उरकून आम्ही बैलगाडीनं घरी निघालो होतो. अप्पा, बसवंतकाका, गाडीवान मुंजाजी आणि दहा वर्षांची मी, चन्नबसम्मा. एवढं लांबलचक नाव घ्यायला कुणाला सवड नसायची, म्हणून चन्नी. वैशाखाचं ऊन चढण्याआधी डोंगर ओलांडायचा होता, पण पूजेची वेळ झाली आणि अप्पांनी ओढ्याकाठच्या वडाखाली गाडी सोडायला लावली.

आम्हा लिंगायतांत गळ्यातलं इष्टलिंग म्हणजे जीव. बायकांच्या, पोरींच्याही गळ्यात असतं. माझ्याही होतं, रुपयाएवढ्या चांदीच्या डबीत. आंघोळ करून ते डाव्या तळहातावर घ्यायचं, पूजा करायची, आणि पूजेआधी तोंडात पाणीसुद्धा घालायचं नाही. त्या दिवशी अप्पांनी आधी शिवदोरा बदलायला काढला. जुना विरला होता, नवा लग्नात मिळाला होता. डबी दोऱ्यातून सोडवून पांढऱ्या फडक्यावर ठेवली आणि शेजारी नैवेद्याचा गूळ ठेवला. वानरांच्या रानात गुळाशेजारी डबी ठेवू नये, हे आज शेंबडं पोरही सांगेल. पण अप्पांना आयुष्यभराची सवय, डबीशेजारी नैवेद्य हवाच. त्यांनी मंत्र म्हणायला डोळे मिटले, उघडले, तर गूळ नाही, फडकं नाही आणि डबीही नाही!

त्याच वेळी काकांना ओढ्याच्या वरच्या अंगाला एक माणूस पळताना दिसला. काकांनी धावत जाऊन त्याला धरलं, ओढत आणलं. उंच, काळा, खांद्यावर घोंगडी आणि दोराचं भलं मोठं भेंडोळं. त्याला बघताच मुंजाजी चार पावलं मागं सरला.

"मालक, हा भुजंग हाय. पांढऱ्या पायाचा. ह्यानं सख्ख्या मेव्हण्याला कड्यावरून सोडलं. गावानं हाकललंय ह्याला, रानात ऱ्हातंय."

"मी डबी घेतली न्हाई," भुजंग म्हणाला. "वान्नरानं नेली. त्याच्याच मागं पळायलो होतो."

"वानर गूळ नेईल. देव कशाला नेईल रे?" काकांनी त्याच्याच दोरानं त्याला वडाच्या बुंध्याला बांधलं. मग जिंतूरकडं जाणारी एक दमणी, म्हणजे छोटी बैलगाडी, थांबवून ते तिच्यात चढले. ठाण्यातून शिपाई आणतो, मठातून स्वामींना आणतो, स्वामी नवं लिंग देतील, असं त्यांनी अप्पांना सांगितलं.

अप्पा शांतपणे म्हणाले, "नवं घेऊन काय करू, बसवंता? जन्मभर ज्याच्याशी बोललो त्याला रानात टाकून दुसऱ्याशी बोलायला लागू? ते मिळालं तर पूजा. न्हाईतर हितंच."

आणि त्यांनी डोळे मिटले. मी तांब्या घेऊन गेले, विनवलं, पाया पडले. अप्पा जागचे हलले नाहीत. ऊन चढू लागलं, त्यांचे ओठ पांढरे पडले. आमच्या घरातला हट्ट मला ठाऊक होता, कारण त्यातला निम्मा माझ्याच वाट्याला आलेला. हा माणूस इथं बसून मरेल हे मला स्वच्छ दिसत होतं.

मी वडापाशी गेले.

"वानर कुठं गेलं?"

भुजंगनं मान वर केली. "मोहळकड्याला. दुपारी टोळी तिथंच बसती."

"दाखवता?"

"बांधलंय की मला, माय."

मी मुंजाजीकडं पाहिलं. मुंजाजीनं अप्पांकडं पाहिलं आणि मोठ्यानं जांभई दिली. "उन्हानं झापड यायलीय बघ. झोपलेल्या मानसाला काय दिसतंय?" आणि तो बैलांकडं तोंड करून चक्क घोरू लागला. घोरणं इतकं खोटं होतं की बैलसुद्धा कान टवकारून बघायला लागले. मी गाठ सोडली.

भुजंगला पळून जायला सगळं रान मोकळं होतं. पण त्यानं दोराचं भेंडोळं खांद्यावर टाकलं, ओढ्यावर पाण्याचा तुंबा भरला आणि तो डोंगराची वाट चढू लागला. मी त्याच्या मागं.

पहिली चढण सगळी मुरमाची. एक पाऊल वर टाकावं तर दोन पावलं खाली घसरावं. माझे गुडघे फुटले, परकर बोरीच्या काट्यांत फाटला. भुजंग मागं वळून बघायचा, थांबायचा, पण हात पुढं करत नव्हता. आपला हात कुणाला चालत नाही याची त्याला सवयच झाली असावी. तिसऱ्यांदा घसरले तेव्हा मीच ओरडले, "अहो, हात द्या की!" तो क्षणभर गोंधळला. मग हात दिला.

चढण संपल्यावर दोन टेकड्यांमधली घळ लागली. पळसाची, धावड्याची दाट झाडी, खाली वाळका पाचोळा, आणि इतकी शांतता की आपलाच श्वास ऐकू यावा. तिथं भुजंग एकदम थांबला. पुढं वारुळावर काळं काहीतरी हलत होतं. अस्वल!

"पळू नको," तो पुटपुटला. "माझ्या मागं हो."

अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं. भुजंगनं घोंगडी दोन्ही हातांनी डोक्यावर उंच पसरली आणि तोही उभा राहिला. तो हलला नाही. अस्वलानं हवा हुंगली, फुरफुरलं, एक पाऊल पुढं टाकलं. भुजंग तरीही हलला नाही. मी डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा अस्वल झाडीत शिरत होतं आणि भुजंगचे पाय लटलट कापत होते.

"तुमी भ्यालात?"

"मंग? जीव काय मला एकट्यालाच न्हाई?"

मला हसू आलं. त्यालाही आलं. वाट थोडी सोपी झाली तसं मी विचारलंच. माझ्या पोटात प्रश्न राहत नाही, आजही नाही.

"तुमी मेव्हण्याला सोडलंत म्हनतात, ते खरं का?"

त्यानं खांद्यावरचं भेंडोळं सावरलं. मग म्हणाला, "आमी मोहळ काढनारे. उतरनाऱ्याचा दोर मेव्हण्यानं धरायचा, ही आमची रीत. बायकोचा भाऊ बहिणीचं कुंकू पुसनार न्हाई, म्हनून. बहिणीचा नवरा उतरला, मी दोर धरला होता. कड्याच्या धारेवर घासून तो तुटला. सुटला न्हाई, तुटला. पन हे इचारायला कोनी आलंच न्हाई. बहीनसुद्धा न्हाई. तू पहिली."

"मग हा दोर?"

"नवा वळलाय. तवापासून ह्याला मानूस बांधलं न्हाई. पन हाताला सवय हाय, वळत ऱ्हातो."

मी त्याच्या बरोबरीनं चालू लागले.

मोहळकडा समोर आला. भिंतीसारखा सरळसोट काळा कडा, आणि त्याला सुपाएवढी आग्या मोहळं लटकलेली. वळसा घालून आम्ही माथ्यावर पोचलो तेव्हा वानरांची टोळी ओरडत पांगली. भुजंगनं मला पालथं झोपवलं आणि बोट दाखवलं. खाली, दोन पुरुष खोलीवर, एका अरुंद कपारीत पांढरं फडकं अडकलं होतं.

"माझे खांदे तिथं शिरायचे न्हाईत," तो म्हणाला. मग माझ्याकडं न बघता, "आन तुला उतरवायचं माझ्यानं व्हनार न्हाई. चल परत."

"अप्पा मरतील."

"माय, माझ्या हातात दोर..."

"दोर सुटला नव्हता ना? तुटला होता. मग बांधा."

त्यानं दोराचा पीळ एकदा तपासला. मग उठला. अंजनाच्या झाडाच्या बुंध्याला दोराचा फेर दिला, टोक माझ्या कमरेला आवळलं. डोईचा पटका सोडून त्याची जाड घडी केली आणि ती कड्याच्या धारेवर, दोराखाली घातली. घोंगडी माझ्या अंगावर बांधली. स्वतः उघडाबोडका राहिला. शेवटी माझ्या गळ्याकडं बोट केलं.

"ती डबी काढावी लागंल. कपारीत अडकली तर दोऱ्याचा फास बसंल."

इष्टलिंग अंगावेगळं करायचं नसतं. दीक्षेच्या दिवशी स्वामींनी बजावलं होतं, ते गेलं तर जीव गेला. माझा हात गळ्याशी गेला आणि तिथंच राहिला.

"झाडाला टांगू का?" भुजंगनं विचारलं.

"न्हाई. मानसापाशीच पाहिजे. तुमच्या गळ्यात चालायचं न्हाई, दीक्षा लागते." मी विचार केला, जेवढा सुचत होता तेवढा. "हात पुढं करा. डावा. पूजेत धरतात तसा. आन मूठ वळायची न्हाई, शिवाला कोंडायचं न्हाई."

चोर म्हणून बांधलेल्या माणसाच्या तळहातावर मी माझा देव ठेवला. उजव्या हातानं त्यानं दोर धरला.

मी उतरले. खडक तव्यासारखा तापला होता. दोर इंच इंच सरकत होता. खाली पाहायचं नाही, असं तो वरून सांगत होता आणि मी अर्थातच पाहिलं. पाय कपारीला लागले. मी आडवी होऊन आत सरपटले. हात लांबवला, फडकं हाती आलं. रिकामं! आणखी आत सरकले. बोटांना गार काहीतरी लागलं. डबी!

मी ती घोंगडीच्या आत छातीशी खोचली, वळले, आणि माझ्या पायानं एक धोंडा निसटला. तो खालच्या मोहळावर आदळला.

आधी नुसती गुणगुण ऐकू आली. मग सगळा कडाच गरजू लागला.

"आत शीर!" वरून भुजंग ओरडला. "घोंगडी तोंडावर घे! हलू नको!"

मी अंग चोरून घेतलं. घोंगडीवर गारांसारख्या माशा आपटत होत्या. घोट्याला दोन डंख बसले, मी किंचाळले. वर उघड्यावर तो एकटा होता. त्यानं दोर टाकून धूम ठोकली असती तरी कुणी बोल लावला नसता. मी कमरेच्या दोराला हात लावून पाहिलं. ताठ होता. पुन्हा पाहिलं. ताठच. तो आवाज ओसरेपर्यंत मी दोर धरून बसले आणि दोर एकदाही सैल पडला नाही.

"चल," वरून आवाज आला, घोगरा.

मी खडकाला पाय देत चढले. तो एका हातानं दोर ओढायचा, ओढलेला दातांत धरायचा, पुन्हा ओढायचा. मी माथ्यावर पालथी पडले, मान वर केली. भुजंगचा चेहरा ओळखू येत नव्हता. डोळ्यांच्या नुसत्या फटी उरल्या होत्या. डावा हात मात्र तसाच पुढं, तळहात उघडा, त्यावर माझी डबी.

"बघ बरं, हाय का," तो म्हणाला. "मला दिसंना."

"मूठ वळायची की हो!"

"तूच म्हनलीस. शिवाला कोंडायचं न्हाई."

मला रडू फुटलं. भीतीनं नाही. एका दीडशहाण्या पोरीचा शब्द त्यानं एवढे डंख सोसून पाळला होता, आणि अशा माणसाला सगळा मुलूख पांढऱ्या पायाचा म्हणत होता. मी डबी गळ्यात घातली, त्याच्या तोंडाला तुंबा लावला. "मामा, उठा," मी म्हणाले. मामा हा शब्द आपसूकच आला. दोराचं एक टोक माझ्या कमरेला तसंच ठेवलं, दुसरं त्याच्या हातात दिलं, आणि आंधळ्या झालेल्या त्या माणसाला घेऊन मी डोंगर उतरले.

ऊन कलताना आम्ही ओढ्यावर आलो. काका शिपाई घेऊन आले होते. स्वामी परगावी गेलेले. काका आमच्यावर धावून आले, पण मी त्यांच्या बगलेतून निसटून अप्पांच्या ओंजळीत डबी ठेवली. अप्पांनी ती उघडली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. एवढ्या कोरड्या देहात ते कुठून आलं, देव जाणे.

"फिर चोर कौन?" शिपायानं विचारलं.

"वान्नर," मुंजाजी म्हणाला. "कड्यावर बसलंय. जा, बेड्या घाला."

मी सगळं सांगितलं, माझी डबी कुणाच्या हातावर ठेवली तेही. काकांनी कपाळावर हात मारला. "बाटवलंस गं कार्टे!"

अप्पांनी भुजंगला जवळ बोलावलं. त्याचा डावा हात आपल्या हातात घेतला. मनगटापासून बोटांपर्यंत सगळा सुजून लाल झाला होता, डंखाशिवाय तिळाएवढी जागा नव्हती. फक्त तळहाताच्या मधोमध रुपयाएवढा गोल, स्वच्छ, एकही डंख नसलेला. अप्पांनी त्या गोलावर बोट ठेवलं. मग त्यांनी तो काकांना दाखवला.

"बसवंता, शिव समद्यांत हाय असं रोज तोंडानं म्हनतो आपन. आज डोळ्यानं बघ."

काका तांब्या घेऊन ओढ्याकडं वळले.

अप्पांनी आंघोळ केली, पूजा केली. काकांनी घाईघाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. अप्पांनी हात आखडता घेतला. "त्याला भरू दे," ते म्हणाले. भुजंगमामा चाचपडत ओढ्यात उतरला. सुजलेल्या बोटांत तांब्या ठरेना, मी खालून आधार दिला. अप्पांनी ओंजळ धरली. तो ओतत राहिला आणि अप्पा पीत राहिले.

अप्पांनी त्याला वालूरला आणलं, मळ्यात खोप बांधून दिली. गावात कुजबुज झालीच, काकाही त्याच्याशी कामापुरतंच बोलायचे. पुढच्या उन्हाळ्यात मळ्याच्या विहिरीतला गाळ काढायचा निघाला. विहीर खोल, कडा ढासळलेल्या. बसवंतकाकांनी धोतराचा काचा मारला, कमरेला दोर बांधला आणि काठावर जमलेल्या माणसांकडं एकवार पाहिलं. मग सगळ्यांना ओलांडून ते मागं उभ्या असलेल्या भुजंगमामाकडं गेले, दोराचं टोक त्याच्या हातात दिलं, आणि विहिरीत उतरले.