धुरात मुरलेली रायफल

सकाळी फोन वाजला तेव्हा इल्पोला वाटलं, कुणाचा तरी चुकून लागला असणार. बायको गेल्यापासून त्याच्याकडे येणारे फोन बहुधा तसलेच असत.

“तुम्ही संग्रहालयात बंदुका सांभाळायचात ना?” पलीकडून एका म्हातारीचा आवाज आला. “माझ्या बापाची रायफल चोरीला गेलीय. पोलिसांना सांगू नका, परवाना नाही माझ्याकडे.”

हेल्वीबाईचं घर तळ्याच्या पार टोकाला, बर्फात एकटंच उभं होतं. वाटेवर पावलं उमटली होती ती फक्त टपालवाल्याची. बाईने न विचारता कॉफी ओतली आणि सगळं सांगून टाकलं.

चाळीस सालच्या वसंतात रशियाशी पहिली लढाई थांबली. तेव्हा बापाने ती रायफल गुपचूप घरी आणली आणि अंगणातल्या सौनाच्या, वाफेच्या न्हाणीघराच्या, माळ्यावर लपवली. पुन्हा शत्रू आला तर घर रिकाम्या हातांनी असू नये, म्हणून. पुढच्याच वर्षी पुन्हा लढाई पेटली. तो फौजेने दिलेली दुसरी रायफल घेऊन गेला आणि परत आलाच नाही. कुठे पडला तेही कळलं नाही. ना थडगं, ना फोटो. या रायफलीच्या दस्त्यावर त्याच्या तळव्याने एक जागा गुळगुळीत झाली होती. बाई अधूनमधून माळ्यावर चढायची आणि तिथे आपला हात ठेवायची. बाप म्हणून तिच्याजवळ उरलं होतं ते एवढंच.

“तिच्यावर शिक्काबिक्का काही?” इल्पोने विचारलं.

“काही नव्हतं. सबंध लोखंड बोटांना पाठ आहे माझ्या.”

“घरी कोण येतं?”

“रायमो. तळ्यापलीकडे राहतो. दर शनिवारी लाकडं फोडतो, सौना तापवतो, कॉफी पितो आणि जातो.”

“आणखी?”

“उन्हाळ्यात तो कालेर्वो आला होता, जुन्या वस्तू विकता का विचारत. सगळीकडे नाक खुपसायला लागला, तसा हाकलला मी त्याला. पुतण्या हेलसिंकीला असतो. नाताळात त्याचं कार्ड येतं.”

सौना जुन्या पद्धतीचा, बिनधुराड्याचा होता. माळ्याची लाकडं काजळीने काळीकुट्ट झाली होती. रायफलीच्या जागी बर्चच्या सुकलेल्या डहाळ्यांच्या जुड्या टांगलेल्या होत्या, सौनात अंगावर मारून घ्यायच्या असतात त्या. त्यांच्या आडोशाने ती रिकामी जागा इतके दिवस दिसलीच नव्हती. इल्पोने एक जुडी हातात घेतली. तिला पिळलेल्या कोवळ्या फांदीचा वेढा होता. बाजूच्या जुड्या मात्र सुतळीने बांधल्या होत्या.

“सुतळीच्या माझ्या,” बाई म्हणाली. “माझ्या बोटांना आता फांदी पिळवत नाही.”

परतताना तो रायमोकडे थांबला. पन्नाशीचा हा ब्रह्मचारी अंगणात बर्फ उपसत होता. हेल्वीबाईची रायफल गेल्याचं ऐकून त्याने नुसतं “वाईट झालं” म्हटलं. माळ्यावर कधी चढला होतास का, असं विचारल्यावर म्हणाला, कधीच नाही, माझं काम खाली चुलीपाशी. त्याच्या सौनाच्या दारावर दोन जुड्या टांगल्या होत्या. इल्पोने त्या जरा निरखून पाहिल्या आणि गाडीत बसला.

त्या भागात जुनी बंदूक विकायची म्हटली की ती कालेर्वोच्या दुकानातून जायची. तिथे एक रायफल मखमलीवर मांडून ठेवली होती. कालेर्वोने तिचं तोंड भरून कौतुक केलं. पहिल्या लढाईतली, चाळीस सालीच घरी आलेली, फौजेच्या कारखान्यात पुन्हा दुरुस्तीला कधी गेलीच नाही. अशा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्यात म्हणे. परवा स्वीडनहून गिऱ्हाईक येणार होतं.

“तुझी एक खात्रीची चिठ्ठी मिळाली, की दुधात साखर,” तो म्हणाला.

“विकणारा कोण?”

“नाव सांगणार नाही. शब्द दिलाय मी.”

दस्त्याला, लाकूड टिकावं म्हणून चोळतात त्या डांबराचा ताजा वास होता. नळीच्या मुळाशी, चौकटीत, फौजेच्या मालकीची दोन अक्षरं ठोकलेली होती. इल्पोने भिंग लावलं. लोखंडाला गंजाचे बारीक खड्डे पडले होते आणि अक्षरांच्या कडा त्या खड्ड्यांना कापत गेल्या होत्या. मग त्याने दस्त्याच्या टोकाची लोखंडी पट्टी सोडवली. आतल्या लाकडावरून बोट फिरवलं तर ते काळं झालं.

“उद्या ही घेऊन हेल्वीबाईकडे ये,” तो म्हणाला. “काय ते तिथेच सांगतो.”

शनिवारी बाई, इल्पो, कालेर्वो आणि लाकडं फोडायला आलेला रायमो असे चौघं स्वयंपाकघरात बसले. रायफल टेबलावर होती. बाईने दस्त्यावर तळवा ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

“हीच,” ती म्हणाली. “पण हा शिक्का नव्हता.”

“मग तुमची नाही ती!” कालेर्वो म्हणाला. “फौजेच्या रायफलीवर शिक्का असतोच, आपल्या राय धान्याच्या भाकरीला मधोमध भोक असतं तसा.”

“शिक्का ठोकणाऱ्यालाही तसंच वाटलं,” इल्पो म्हणाला. “आपण लहानपणापासून शिक्क्याच्याच रायफली पाहिल्या. पण फौजेने तो मारायला सुरुवात केली बेचाळीस साली. चाळीस साली घरी येऊन लपलेल्या रायफलीवर तो येईल कुठून? बाईंना आपली रायफल ओळखता येऊ नये आणि किंमतही चढावी, म्हणून हा ठोकला. हात दाखवून अवलक्षण! आधी गंज चढला, शिक्का नंतर बसला, हे भिंगातून स्वच्छ दिसतं. धुराचा वास मारायला वरून डांबर चोळलं, पण पट्टीखालची काजळी तशीच राहिली. दुसरीकडे कुठे ठेवलेल्या बंदुकीत सौनाची काजळी शिरत नाही.”

कालेर्वोचा चेहरा उतरला. “शिक्का मी ठोकला. पण चोरली नाही मी.”

“नाहीच. तू उचलली असतीस तर जागा रिकामी टाकून पळाला असतास. चोराने तिथे जुड्या टांगल्या. चोरी झाकायला टांगल्या, हे खरं. पण बाईंना हिवाळाभर पुरतील एवढ्या टांगल्या, आणि फांदी पिळून बांधल्या, स्वतःच्या दारावरच्या बांधतो तशा. माळ्यावर कधीच चढलो नाही म्हणणाऱ्याच्या जुड्या माळ्यावर गेल्या कशा, रायमो?”

रायमोने कप खाली ठेवला.

“तुमच्यामागे पुतण्या येणार आणि सगळं विकून जाणार,” तो म्हणाला. “इतके हिवाळे मी इथे राबलो. मला कोण काय देणार होतं?”

“मागितली असतीस तर दिली असती,” हेल्वीबाई म्हणाली. तिचा आवाज जराही चढला नव्हता. “बापाला जाऊन जन्म लोटला. तू दर शनिवारी येत होतास.”

रायमोने टोपी घेतली. दार ओढून तो निघून गेला. कालेर्वोही पुटपुटत माफी मागून निघाला. रायफल टेबलावरच राहिली.

“पोलिसात तिची नोंद करायला मी बरोबर येईन,” कोट घालत इल्पो म्हणाला. “काही होणार नाही तुम्हाला.”

बाई खिडकीपाशी उभी होती. रायमो गोठलेलं तळं ओलांडून पार दिसेनासा होईपर्यंत ती बघत राहिली.

“तुम्ही थोडे कमी हुशार असता, तर काय बिघडलं असतं?” ती म्हणाली. “रायफल आली, इल्पो. पण आता या घरात माणूस कोण येणार?”

इल्पोने कोट काढला, खुर्ची ओढली आणि आपला कप तिच्यापुढे सरकवला.