रुळावरची ठोक

हुडकेश्वरचा मधुसूदन तुम्हा पोरांच्या ओळखीचा. रेल्वेत ट्रॅकमन आहे. कडाक्याच्या थंडीत रूळ तडकतात, म्हणून रात्री दोघं गस्तीला निघतात. मधुसूदन फाटकापासून, कृष्णकांत पुढच्या स्टेशनातून. मधल्या पुलावर भेटायचं, घडीभर बसायचं, माघारी फिरायचं. एक आला नाही तर दुसऱ्यानं शोधत पुढं जायचं, असा नियम.

ती मागच्या पौषातली अमावास्या. निघताना प्रेमलतानं नवऱ्याच्या हाती तिळाचे लाडू दिले.

“कृष्णाभाऊले द्या. अन् मागचा डबा मागा त्याले. माह्या लग्नातला हाय तो.”

“त्यानं तो रेल्वेले दान केला असन,” मधुसूदन म्हणाला.

पुलावर कृष्णकांत नव्हता. बराच वेळ गेला. फोन नुसता वाजत राहिला. त्याच्या आदल्या हिवाळ्यात तो चक्कर येऊन रुळावरच पडला होता, आणि आता मालगाडीची वेळ होत आली होती. मधुसूदन पुढं निघाला.

तेवढ्यात आवाज आला. टक्. टक्. लांबवर कुणीतरी हातोडी मारत होतं. त्याचा जीव भांड्यात पडला.

“काय ठोकून राह्यला गा एवढ्या रात्री?”

आवाज थांबला... मग पुन्हा सुरू झाला. जरा घाईनं.

चालता चालता त्याच्या ध्यानात आलं. ही ठोक लोखंडावरची नव्हती. लाकडावरची होती. आणि त्या लाईनवर रुळांखालचे लाकडी स्लीपर निघून जमाना झाला होता.

मागं फिरावंसं वाटलं. पण कृष्णकांत...?

ठोक अगदी समोर आली. त्यानं बॅटरी मारली. कुणी नाही. आवाज मात्र तिथंच. टक्. टक्...

मग तोही थांबला.

उजेडात कृष्णकांत दिसला. स्टेशनाबाहेर गाडी रूळ बदलते, त्या काट्यात आडवा. बेशुद्ध. एक पाय दोन रुळांच्या फटीत. लांब सिग्नलपाशी मालगाडीचा दिवा.

गाडी आत घ्यायला स्टेशनातून कळ दाबली गेली, काट्याची मोटर घुमली. सरकता रूळ पायाकडं आला... बोटभर उरला. अडला. पुन्हा मोटर. पुन्हा अडला.

मधुसूदननं त्याच्या काखांत हात घालून ओढलं. बूट फटीत राहिला. पाय निघाला. काटा पुरता बसला नाही, म्हणून सिग्नल लालच होता. गाडी जागची हलली नाही.

कृष्णकांतनं डोळे उघडले.

“तूच ठोकून राह्यला होता ना गा?” मधुसूदननं विचारलं.

“माही हातोडी त स्टेशनातच राह्यली...”



उजाडल्यावर रूळ दुरुस्तीच्या गँगची माणसं आली. फटीत, बुटाला लागून, एक पाचर ठोकलेली. बाभळीची. हातानं तासलेली. आसपास झाड नाही, खाली एक ढलपी नाही. एकानं वाकून तिच्या डोक्यावर बोट ठेवलं आणि झटकन मागं घेतलं.

लाकूड अजून गरम होतं.