आपल्या माणसाची परीक्षा

आधी होडी आत आली, मग माणूस.

धक्क्यालगतच्या त्या शेडचं दार अरुंद होतं, आणि डोक्यावर साडेतीन मीटरची कयाक पालथी घेऊन चालणाऱ्याला दार दिसत नाही, फक्त स्वतःचे पाय दिसतात. त्यामुळे तिचं टोक आधी चौकटीवर आपटलं, मग भिंतीला टांगलेल्या वल्ह्यांवर, आणि शेवटी कामाच्या टेबलापाशी, एका झाकणाला रबराची कड बसवत असलेल्या मुलीच्या कानापासून वीतभर अंतरावर थांबलं.

"मागे व्हा," ती म्हणाली. "आता डावीकडे."

"तुम्ही मला दिसत नाही आहात," होडीखालून आवाज आला.

"मलाही तुम्ही दिसत नाही. पाय दिसतायत. उजव्या बुटाची नाडी सुटलीय."

होडी हळूहळू जमिनीवर आली. तिच्यामागे एक उंच, सडपातळ माणूस उभा होता. कपाळावर घाम, नाकावर चष्मा, आणि चष्म्याची काच मात्र इतकी स्वच्छ की ती आहे की नाही असा प्रश्न पडावा. तो गावातल्या चष्म्यांच्या दुकानाचा मालक होता. होडी त्याने जुनी घेतली होती आणि तिला बूच नव्हतं.

कयाक म्हणजे एकट्या माणसाची लांबट, निमुळती होडी. ती आतून पोकळ असते. कितीही काळजी घेतली तरी आत थोडं पाणी झिरपतंच. ते काढून टाकायला मागच्या टोकाला एक भोक असतं आणि त्या भोकाला अंगठ्याएवढं बूच. एवढीशी वस्तू, पण ती जागेवर नसेल तर बाकीची होडी असून नसल्यासारखी.

मुलीने खणातून बूच काढून दिलं आणि होडी कुठे नेणार ते विचारलं. आईबरोबर जाणार, असं तो म्हणाला. तिने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं.

आई म्हणजे तिच्या मामाची बोट. लहान होडीला खोल समुद्रापर्यंत वल्हवत जाणं जमत नाही. म्हणून मामा आठ कयाका आपल्या बोटीच्या डेकवर रचून दूर, जिथे मोठे मासे असतात तिथे नेत असे. सकाळी एकेक होडी पाण्यात उतरवायची, दिवसभर ज्याने त्याने गळ टाकून बसायचं, आणि संध्याकाळी सगळ्यांना मोजून वर घ्यायचं. पाच दिवस असंच. बोटीचं खरं नाव निराळं होतं, पण पिल्लं सोडणाऱ्या आणि गोळा करणाऱ्या बोटीला लोक दुसरं काय म्हणणार?

"यादीत माझा नंबर आठवा आहे," चष्मेवाला म्हणाला.

"यादी माझ्याकडे असते."

त्याने मागे वळून दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "असं करूया... मी बाहेर जातो आणि दारातून नीट पुन्हा आत येतो."

ती हसली नाही. पण झाकणाची रबरी कड तिने उलटी बसवली, आणि ते तिला दुपारी कळलं.

धक्क्यावर सगळे तिला मास्तरीण म्हणत. आईवर जाणाऱ्या प्रत्येकाची परीक्षा ती घेत असे. धक्क्याच्या आतल्या, छातीभर पाण्याच्या कुंडात सगळं सामान बांधून होडीत बसायचं, मुद्दाम कलंडायचं आणि कुणाच्याही मदतीशिवाय परत चढायचं. एकदा नाही, तीनदा. समुद्रात होडी उलटली तर हेच एक ज्ञान उपयोगी पडतं. मासा कसा पकडायचा ते मासाच शिकवतो. ज्याला जमलं त्याच्या नावापुढे ती खूण करी. तिने खूण केली की मामा पुन्हा विचारत नसे.

मामाचा आणखी एक नियम होता आणि तोही ती प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगे. आपल्या माणसाची परीक्षा आपण घ्यायची नाही. फार वर्षांपूर्वी मामाने स्वतःच्या मेव्हण्याला हसत हसत पास केलं होतं, आणि मेव्हणा तीन तास उलट्या होडीला लटकून राहिला. जिवावरचं सर्दीवर निभावलं, पण त्यावरून मामी अजून मामाला ऐकवते. मामाचं म्हणणं असं, की आपलं माणूस समोर आलं की डोळा एकतर झाकतो, नाहीतर नको तितका उघडतो. दोन्ही वेळी दिसायचं ते दिसत नाही.

चष्मेवाल्याची शिकवणी सुरू झाली. निघायला तीन आठवडे होते. मंगळवार, गुरुवार आणि रविवारी तो दुकान लवकर बंद करून यायचा. पहिल्या दिवशी त्याने वल्हं बांधलं, गळाची काठी बांधली, पक्कड, पाण्याची बाटली, जेवणाचा डबासुद्धा बांधला. मग तो कलंडला आणि वर आला तेव्हा नाकावर चष्मा नव्हता.

बुडबुड्यांमध्ये तो आंधळ्यासारखा चाचपडू लागला आणि हाताला लागलं ते घट्ट धरलं.

"हा खांब आहे ना?"

"खांब तिकडे आहे," मास्तरीण म्हणाली. ती शेजारीच पाण्यात उभी होती आणि तिचा खांदा त्याच्या मुठीत होता.

"माफ करा."

"चष्मा बांधायचा राहिला."

"लोकांना सांगताना रोज सांगतो," तो म्हणाला. खांदा सोडायला मात्र त्याला जरा वेळ लागला, आणि तिनेही घाई केली नाही.

चष्मा दुसऱ्या दिवशी ओहोटीला सापडला. तिने तो गोड्या पाण्याने धुतला आणि दोन्ही काड्यांना निळी दोरी ओवून त्याच्या दुकानात नेऊन दिला. दुकानात समोरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांपासून बारीक अक्षरांपर्यंतचा तक्ता होता. समुद्रात कशाला जायचंय, असं तिने विचारलं. त्याने त्या भिंतीकडे बोट दाखवलं. बारा वर्षं तो लोकांना दूरचं दाखवतोय, आणि त्याचं स्वतःचं सगळ्यात दूरचं म्हणजे ही सहा पावलांवरची भिंत. एकदा मधे काही नाही असं बघायचं होतं.

ती परत आली आणि बराच वेळ टेबलावरच्या वस्तू नुसत्या इकडच्या तिकडे करत बसली.

चढण्याची रीत सोपी आहे, पण घाई करणाऱ्याला ती जमत नाही. बुडणारा माणूस आधी बसायला बघतो आणि म्हणून पुन्हा पडतो. आधी होडी सुलटी करायची, मग पाय पाण्यात मारत पोटावर आडवं यायचं, मग कुशीवर वळायचं, आणि बसायचं सगळ्यात शेवटी. पोट, कूस, बैठक. चष्मेवाला हे तीन शब्द गिऱ्हाइकाच्या नाकाचं माप घेतानाही पुटपुटू लागला. दुसऱ्या रविवारी तो लागोपाठ तीनदा कलंडला आणि तीनदा चढला. डबासुद्धा कोरडा राहिला.

"वल्ह्याची दोरी बोटभर लांब आहे," मास्तरीण म्हणाली. "मंगळवारी या."

मंगळवारी जीवरक्षक जाकिटाचा पट्टा नीट नव्हता. गुरुवारी पक्कड डाव्या हाताला होती, ती उजव्या हाताला हवी होती. ती बदलल्यावर तिला आणखी काहीच सापडेना, तेव्हा तिने त्याचा फॉर्म काढला. त्यात खाली एक रकाना होता – 'किनाऱ्यावरचं माणूस'. नाव, फोन, नातं. रोज संध्याकाळी मामा वायरलेसवरून कोण कोण परत आलं ते कळवतो. ज्याचं कळवायचं ते कुणाला कळवायचं, यासाठी तो रकाना. चष्मेवाल्याने तो मोकळा सोडला होता. आईवडील नव्हते. बहीण दूरदेशी होती, आणि तिला उगाच घोर कशाला, असं त्याला वाटत होतं.

"मोकळा रकाना असलेला फॉर्म मी पुढे पाठवत नाही."

"मग कुणीतरी शोधायला हवं."

"शोधा."

"मास्तरीणबाई," तो ओल्या बाहीने कपाळ पुसत म्हणाला, "तुम्ही मला नापास केलंत की मला वाईट वाटायला हवं. वाटत नाही. अडचण तीच आहे."

ती वहीत काहीतरी लिहीत राहिली. काय लिहिलं ते तिला नंतर वाचता आलं नाही.

सोमवारी सकाळी बोट निघायची होती. शनिवारी मामाने यादी मागितली. सात नावांपुढे खूण होती, आठव्यापुढे नव्हती. प्रतीक्षेत एक दंतवैद्य होता. तो दोन हंगाम आधीच परीक्षा देऊन बसला होता आणि रोज फोन करून, अत्यंत मायेने, कुणाला सर्दी-ताप आहे का याची चौकशी करायचा. मामाने एवढंच सांगितलं, की उद्या दुपारपर्यंत चष्मेवाल्याची खूण झाली नाही तर जागा दंतवैद्याची. मग तो डेकवरच्या दोऱ्या तपासायला निघून गेला.

मास्तरीण आपली वही घेऊन बसली. इतर सात जणांबद्दल तिने दोन-दोन ओळी लिहिल्या होत्या. चष्मेवाल्याबद्दल अडीच पानं होती. ती तिने पहिल्यापासून वाचली, एखाद्या तिऱ्हाइताने लिहिलेली वाचावीत तशी. बोटभर लांब दोरीसाठी तिने आजवर कुणालाही परत पाठवलं नव्हतं. पक्कड डावीकडे ठेवणारे तर सातातले तिघे होते. तिने शेकडो माणसं समुद्रात पाठवली होती आणि त्या रात्री शांत झोपली होती. आता हा एक माणूस पाच दिवस दिसणार नाही, आणि तो कुठे आहे ते रोज संध्याकाळी दुसऱ्याच्या तोंडून कळेल... तेवढ्यासाठी ती त्याला त्या सहा पावलांच्या भिंतीकडे परत पाठवत होती. आणि उलटही होतं. उद्या तिने डोळे मिटून खूण केली असती, तर ती खूण खरी आहे की नाही हेही तिला सांगता आलं नसतं.

तिने वही मिटली.

रविवारी कुंडाकाठी गर्दी होती. सात जण आपापलं सामान रचत होते. बोटीचा स्वयंपाकी पायरीवर बसून कांदे सोलत होता. चष्मेवाला होडीत बसून तयार होता, चष्म्याला निळी दोरी, पक्कड उजव्या हाताला. मास्तरीण काठावर आली आणि वही तिने मामापुढे धरली.

"मामा, याची परीक्षा तू घे."

"का? तुझा हात दुखतोय?"

"नियम आहे म्हणून."

स्वयंपाक्याची सुरी थांबली. मामाने वही घेतली नाही.

"कोणता नियम?"

"तुझाच आहे."

"माझा मला माहीत आहे," मामा म्हणाला. "त्याला माहीत आहे का, ते विचारतोय."

चष्मेवाल्याने चष्मा काढला. पुसायला कोरडं काही नव्हतं, म्हणून तसाच परत लावला.

"पहिल्याच दिवशी सांगितला होता," तो म्हणाला. "आपल्या माणसाची..." पुढचे शब्द त्याने पूर्ण केले नाहीत. ते तसेच कुंडावर तरंगत राहिले, आणि मास्तरीण खांबाकडे बघत उभी राहिली.

मामाने वही घेतली आणि हाताने खूण केली. चष्मेवाला कलंडला. होडी सुलटी, पोट, कूस, बैठक. एक. पुन्हा कलंडला, पण या वेळी होडी सुलटी करताना त्याला जड गेली. तो बसला तेव्हा तिचं मागचं टोक पाण्यात टेकलं होतं.

"मास्तरीण," मामा म्हणाला, "ही होडी पाणी पितेय. बूच कुठंय?"

तिचा हात नकळत अंगावरच्या कामाच्या झग्याच्या खिशात गेला. बूच तिथेच होतं. सकाळी होडीतलं पाणी काढताना तिने ते काढलं होतं. तेवढ्यात चष्मेवाला येऊन पाठीमागून म्हणाला होता की आज उशीर केला नाही, आणि बूच खिशात गेलं होतं.

"उतरवतानाच भोक दिसलं मला," मामा म्हणाला. "दोघांत आधी कुणाच्या लक्षात येतंय ते बघत होतो. तीन आठवडे पक्कड उजवीकडे की डावीकडे, आणि बूच खिशात. दोघंही नापास. पुन्हा पहिल्यापासून."

ती पायऱ्यांवरून गुडघाभर पाण्यात उतरली. दोघांनी होडी पालथी करून पाणी काढलं. बूच तिने त्याच्या हातात दिलं, आणि ते त्यानेच बसवलं, घट्ट, दोनदा फिरवून. ती काठावर परत आली आणि मामाच्या मागे जाऊन उभी राहिली, जिथून तिला वही दिसत नव्हती.

त्याने सगळं सामान हात लावून, मोठ्याने नाव घेऊन तपासलं, सुरुवात बुचापासून. मग तीनदा कलंडला आणि तीनदा चढला. मामाने त्याच्याबद्दल दोन ओळी लिहिल्या आणि खूण केली.

सोमवारी सकाळी आठही कयाका डेकवर रचून झाल्या. मामा शिडीपाशी फॉर्म गोळा करत होता. चष्मेवाल्याने आपला फॉर्म मामाला न देता मास्तरणीला दिला. किनाऱ्यावरचं माणूस. तिथे तिचं नाव होतं, शेडचा फोन नंबर होता. नात्याची जागा मोकळी होती.

"हे राहिलंय," ती म्हणाली.

"मला काय लिहायचं ते कळेना. म्हटलं, परत आल्यावर..."

"मोकळा रकाना असलेला फॉर्म मी पुढे पाठवत नाही. तुला माहीत आहे."

'तुला' हा शब्द त्याने ऐकला. त्याने खिशातलं पेन काढून तिला दिलं. पेनालाही दोरी बांधलेली होती, आणि दोरीचं दुसरं टोक त्याच्या जाकिटाला. त्यामुळे लिहिण्यासाठी तिला त्याच्या अगदी जवळ यावं लागलं. तिने फॉर्म त्याच्या छातीवरच्या जाकिटावर टेकवला आणि दोन शब्द लिहिले. सावकाश, लहान मुलांना गिरवायला द्यावेत तसे.

मामाने फॉर्म घेतला, वाचला आणि बाकीच्या सातांवर ठेवला.

"अक्षर बरं आहे," तो म्हणाला. "चला, शिडी काढा."

बोट धक्क्यापासून सुटली. चष्मेवाला मागच्या कठड्याला उभा होता. त्याच्यापुढे सगळा मोकळा समुद्र पसरला होता, पण तो अजून किनाऱ्याकडेच बघत होता. मास्तरणीने हाताने त्याला खूण केली – मागे वळ, तिकडे बघ. तो वळला.

मग तिने शेडमध्ये जाऊन वायरलेस लावून पाहिला. संध्याकाळ व्हायला अजून दहा तास होते. नात्याच्या रकान्यात तिने लिहिलं होतं – आपलं माणूस.