चार बोटं उघडं

खेळ चाचणीसाठी खुला केला आणि अभिप्रायांचा पाऊस पडला. खेळ जुन्या धाटणीचा. खेळणाऱ्याच्याच डोळ्यांनी दिसणारं दगडी तळघर, एकेक पाऊल पुढे टाकायचं आणि राक्षसांपासून जीव वाचवायचा. तक्रारी तऱ्हेतऱ्हेच्या: होकायंत्र दिसत नाही, जिना उतरताना पोटात ढवळतं, राक्षस फारच गरीब स्वभावाचे आहेत. धाकटी निमूटपणे एकेक वाचत होती, दुरुस्त करत होती. प्रोग्राम तिचा, चित्रं दादाची. दादा जाऊन आता काही महिने झाले होते आणि तिला अजून धड रडूही आलं नव्हतं.

सगळ्यात मोठी बोंब दारांची होती. एकही दार पुरतं लागत नाही म्हणे, राक्षस मागून बिनदिक्कत आत येतात! पण ती चूक नव्हती. दादाला लहानपणापासून बंद दाराची धास्ती. झोपताना दार किलकिलं हवं, नाहीतर अंथरुणातून हाक ठरलेली, "धाकटे, दार!" त्याने काढलेलं प्रत्येक दार चार बोटं उघडं होतं. हॉस्पिटलात शेवटी घसा बसला, तेव्हाही तो तेवढंच म्हणाला होता, "एकही लावू नकोस हं." ती म्हणाली होती, "नाही लावणार."

मग कुणीतरी लिहिलं, 'सर्वांत खालच्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत पाठमोरा बसलेला माणूस आवडला. तो काही बोलत का नाही?'

खेळात माणूस नव्हताच. धाकटी स्वतः खेळत तिथवर गेली. खोली रिकामी होती. तिने सगळा प्रोग्राम उलटापालटा केला, दादाची चित्रं एकेक करून उघडली. काही सापडलं नाही.

दुसऱ्याने लिहिलं, 'स्वेटरचं उसवलेलं कोपर झकास जमलंय.'

दादाचा तो स्वेटर तिच्या खुर्चीच्या पाठीवर होता. अजून त्याला औषधांचा वास येत होता.

तिसरा म्हणाला, 'तो हळूहळू वळतोय का? काल त्याचा कान दिसत नव्हता.'

तिने दादाच्या मित्राला फोन लावला. खेळ विकायची बाजू तो बघायचा.

"अगं, थट्टा करतंय कुणीतरी."

"स्वेटर त्यांना कसा माहीत?"



"ती खोलीच बंद करून टाक. खेळ सोमवारी बाजारात जायचाय."

"दार लावू?"

"मग काय करणार? सगळं सोडून देणार?"

तिने दार लावलं. फट दगडी रंगाने बुजवली. उघडायची सोयच ठेवली नाही.

स्वेटर घडी घालून कपाटात ठेवला.

दुपारी नवे अभिप्राय आले. होकायंत्र आता छान दिसतं. जिना सुधारला. राक्षस अजून गरीबच.

शेवटचा त्या पहिल्या खेळाडूचा होता.

'वा! एकदाचं एक दार तरी नीट लागलं. फक्त आतल्या माणसाचा आवाज बदला, घसा फार बसलाय. आणि त्याला दुसरं एखादं वाक्य द्या. सारखं आपलं, धाकटे, दार. धाकटे, दार.'