निकालाचा दिवस

न्यायसंग्रहालयात खरी गर्दी शेवटच्या दालनात असे. काळे झगे आणि शिपायांचे लाल पट्टे बघून लोकांना जांभया येत. इथे मात्र आरोपी जिवंत होता.

निवाडे यंत्रांकडे गेले, फाशी रद्द झाली, तेव्हा माणसाने सुनावलेल्या शेवटच्या फाशीचं करायचं काय, असा प्रश्न पडला. सरकारने तोड काढली. भूषण शेलारला फास नको, नुसता निकाल ऐकवायचा, पण रोज. संध्याकाळी डोक्यावर स्मृतिमार्जक टोप चढवला की त्या दिवसाची आठवण पुसली जाई आणि सकाळी तो पुन्हा निकालाच्याच दिवशी जागा होई. दगडापेक्षा वीट मऊ, म्हणे. वीट रोज डोक्यात घातली तर काय होतं, हे कुणी विचारलं नाही.

फाशी सुनावली की पूर्वीचे न्यायाधीश पेनाची निब मोडत. इथला न्यायाधीशाच्या वेषातला नटही मोडी. तुटक्या निबा बाहेरच्या दुकानात हातोहात खपत.

भावकीच्या भांडणात भूषणने चुलतभावाचा जीव घेतला होता. त्याची आई सुलभाबाईही ते नाकारत नसत. पण लेकाला बघायची दुसरी सोय नव्हती. नऊ वर्षं त्या तिकीट काढून पहिल्या रांगेत बसत, आपण दिसलो की त्याला धीर येईल म्हणून.

आज बस बंद पडली. धापा टाकत पोचल्या, त्या मागे खांबाआडच उभ्या राहिल्या. पिंजऱ्यातल्या भूषणने सगळ्या रांगा न्याहाळल्या आणि सुस्कारा सोडला.

"आई आली नाही, बरं झालं," तो शिपायाला म्हणाला. "तिच्यासमोर माझ्याच्याने ऐकवलं नसतं."

सुलभाबाईंना उमगलं, नऊ वर्षं लेकाला आपणच छळलं होतं. त्या गुपचूप दाराकडे वळल्या.

मार्गदर्शक तरुणी हुशार. आई दिसली की आरोपी कोसळतो आणि लोकांचे पैसे वसूल होतात, हे तिला पाठ होतं. तिने दिवा सुलभाबाईंवर वळवला.

"शेलारबाई, निघालात कुठे? या ना पुढे, जागा ठेवलीय."

गर्दीने वाट करून दिली. भूषणचा चेहरा उतरला. कठडा घट्ट धरून तो आईकडे बघत राहिला.

"काल तर बरी होतीस, आई. एका रात्रीत एवढी म्हातारी झालीस?" मग समजूत घालावी तसं तो हळूच म्हणाला, "एकदाच ऐकायचंय गं. परत कधी तुला हे ऐकावं लागणार नाही. एवढं सोसशील ना?"