फोटोतून उठवलेली बाई

लाइट येईपर्यंत नुसतं बसायचंच आहे, तर ते लॅपटॉप मिटा आणि ऐका. माझा शेजारी श्रीनिवास, त्याच्यासमोर घडलेलं आहे हे. १४ डिसेंबर २००३, रविवार, रात्रीचे साडेआठ.

श्रीनिवास जुने फोटो कॉम्प्युटरवर दुरुस्त करून द्यायचा. तेव्हा ज्याची-त्याची मुलं अमेरिकेला चाललेली. आजी-आजोबा मागून ई-मेलनं जायचे. त्या रात्री तो एक तयार फोटो पोचवायला एरंडवण्यात गेला. मंदाकिनीबाईंकडे. निवृत्त शिक्षिका, वय बहात्तर.

आठवड्यापूर्वी बाईंनी एक जुना, स्टुडिओतला फोटो त्याच्यासमोर ठेवला होता. उभे होते त्यांचे यजमान बाळासाहेब, तरुणपणचे. शेजारी खुर्चीत कोवळीशी यमुना. पहिली बायको. लग्नानंतर वर्षभरातच गेलेली.

"हिला काढा. मला बसवा."

"अहो, पण गेलेल्या माणसाला..."

"पन्नास वर्षं संसार मी केला. आता ह्यांना काही आठवत नाही, तर दिवसभर हिच्याशी बोलतात. मला विचारतात, आपण कोण? तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा, पुण्यात दुकानं पुष्कळ आहेत."

श्रीनिवासनं काढलं. पदर, मान, डोळे... एकेक पुसत गेला. खुर्ची तेवढी ठेवली, आणि तीत तरुण मंदाकिनीबाईंना बसवलं.

त्या रात्री बाईंनी जुना फोटो त्याच्यादेखत फाडला. नवा पलंगासमोर टांगला. "बघा. ही मी."

बाळासाहेब पडल्या पडल्या बराच वेळ बघत राहिले. मग त्यांची नजर भिंतीवरून उतरली, ती श्रीनिवासच्या खांद्यामागे जाऊन थांबली.

"तिला उठवलंत होय?" ते हळूच म्हणाले. "उभी आहे बिचारी. खुर्ची द्या तिला."

श्रीनिवासनं मागे पाहिलं नाही. मानेला काहीतरी लागत होतं... श्वासासारखं. पण श्वास ऊन असतो. हे गार होतं.

"खुर्ची द्या हो..."

बाई संतापल्या. कोपऱ्यातली खुर्ची त्यांनी फरफटत आणली आणि स्वतःच तीत बसल्या. "बसले! झालं समाधान?"



बाईंची मान कलली. हळूहळू. हात मांडीवर आले. पदर... आपोआप सारखा झाला. ही ढब श्रीनिवासनं ओळखली. आठवडाभर तीच तर पुसत होता.

बाईंचं तोंड उघडलं. शब्द नाही. फक्त डोळे... ते त्याला विनवत होते.

बाळासाहेब पलंगावरून उतरले. दोन महिन्यांत पहिल्यांदा. चालत आले, शेजारी उभे राहिले, बाईंच्या खांद्यावर हात ठेवला.

"आलीस, यमुने?"

डॉक्टर म्हणाले, पक्षाघात. बाईंना ऐकू सगळं यायचं, कळायचंही. चार वर्षं तशा जगल्या. बाळासाहेब मात्र ठणठणीत. रोज आपल्या हातानं मऊ भात भरवायचे, वेणी घालायचे, मायेनं बोलत राहायचे. ज्या बोलण्यासाठी बाईंनी पन्नास वर्षं वाट पाहिली, ते सगळं त्यांना मिळालं. यमुनेच्या नावानं.

बाई गेल्या, तेव्हा शेवटची आंघोळ घालायला श्रीनिवासची बायको प्रेमला गेली होती. आदल्या रात्रीपर्यंत बाईंचे दोन्ही हात मोकळे होते, हे नर्सनं शपथेवर सांगितलं.

सकाळी दोन्ही मनगटांत हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. इवल्याशा, कोवळ्या पोरीच्या मापाच्या. बाईंच्या सुजलेल्या बोटांवरून त्या चढल्या कशा...

साबण लावूनही निघेनात. फोडाव्या लागल्या.